गृहव्यवस्था : गॅसचा नळ किती जाडीचा?

नवें घर बांधावयास काढलें म्हणजे देवघर कोठें असावें, माजघर केवढें असावें, यांवर घरांतील वडील मंडळी महिना महिना खल करितात. परंतु स्वयंपाकघरांत येणारा गॅसचा लोखंडी नळ किती जाडीचा असावा, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं. कारागीर सवयीनें सगळीकडे अर्ध्या इंचाचा नळ घालून मोकळा होतो. आणि पुढें गौरीजेवणाच्या दिवशीं, शेगडीचे चारही बर्नर पेटले असतां कोणी स्नानास गेलें, कीं ज्योत मान टाकते. मुंबई-पुण्याकडे नैसर्गिक गॅस आतां नळानें घरोघर येत असल्यामुळें हा विषय वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हा गॅस घरांत फार थोड्या दाबानें येतो : सुमारें २१ मिलिबार, म्हणजे वीतभर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा. नळांतून वाहतांना घर्षणानें त्यांतील कांहीं दाब वाटेंतच खर्ची पडतो. ब्रिटनमध्यें मीटरपासून शेगडीपर्यंत १ मिलिबारहून अधिक दाब खर्चूं नये, असा दंडक आहे. तेवढ्याच खर्चांत नळाची लांबी दुप्पट झाली, तर गॅस सुमारें सत्तर टक्केच पोहोंचतो; उलट अर्ध्या इंचाऐवजीं पाऊण इंचाचा नळ घातला, तर जवळजवळ दुप्पट गॅस जातो. पाव इंचाचा हा महिमा लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आतां गरज किती तें पाहूं. गीझरनें मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंशांनीं तापवावयाचें, तर तासास ९,००० किलोकॅलरी उष्णता पाहिजे. एक घनमीटर नैसर्गिक गॅसपासून साधारणतः ८,५०० ते ९,००० किलोकॅलरी मिळतात, व त्यांतील कांहीं वायां जातात. तेव्हां गीझरला तासास सुमारें सव्वा घनमीटर गॅस लागतो. चार बर्नरच्या शेगडीस पाऊण घनमीटरच्या आसपास पुरतो. म्हणजे एकटा गीझर साऱ्या स्वयंपाकाहून अधिक खातो! एकत्र कुटुंबांत एक शेगडी व दोन गीझर धरले, तर बेरीज सव्वातीन घनमीटर होते.

हिशेबाची रीत सोपी आहे. मीटरपासून सर्वांत दूरच्या गीझरपर्यंतची लांबी मोजावी. समजा ती १८ मीटर आहे व वाटेंत सहा काटकोनी वळणें आहेत. प्रत्येक वळणास अर्धा मीटर धरून एकूण २१ मीटर झाले. हीच लांबी सर्व भागांस लावावी. मीटरपासून शेगडीच्या फांट्यापर्यंत सव्वातीन, तेथून पहिल्या गीझरपर्यंत अडीच व शेवटीं सव्वा घनमीटर, असा भार मांडून तक्त्यावरून प्रत्येक भागाची जाडी ठरवावी. अर्थात् नळ मीटरपाशीं जाड व पुढें बारीक होत जाईल.

आज सिलिंडर असले, तरी हिशेब नैसर्गिक गॅसचाच करावा. सिलिंडरमधील गॅस घनमीटरमागें अडीचपटींहून अधिक उष्णता देतो. त्याच्यापुरता बेतलेला नळ पुढें तोकडा पडण्याचा संभव असतो.

ही केवळ सोयीची गोष्ट नाहीं. दाब पडून ज्योत विझली व तो पुन्हां चढला, तर ज्योत विझतांच गॅस बंद करणारी कळ नसलेल्या जुन्या शेगडींतून न जळलेला गॅस घरांत पसरतो. आणि नळ कितीही जाड घातला, तरी बंद न्हाणीघरांत गीझर बसवूं नये; तेथें प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि त्यानें माणसें दगावलीं आहेत. गीझर उघड्या, हवेशीर जागींच असावा.

नळ जोडणें व त्याची दाबाची परीक्षा करणें हें काम गॅस कंपनीच्या अधिकृत कारागिराचेंच. परंतु घरांत माणसें किती, पुढें सुना-नातवंडें आल्यावर चुली किती, हें त्यास आपणच सांगितलें पाहिजे. गिलावा होण्यापूर्वीं हा हिशेब कागदावर मागून घ्यावा, आणि पुढील गरजेसाठीं तोंड बंद केलेला एक फांटा ठेवावा. आज पाव इंचास लागणारे पैसे उद्यां भिंती फोडण्याच्या खर्चापुढें कांहींच नाहींत.