पाट्या कोरणं थांबवा, सख्यांनो



यंदा मंडळाकडून मला दोनशे पाट्यांची मागणी आली. एमडीएफच्या वीतभर पाट्या, वर णमोकार मंत्र, खाली देणगीदाराचं नाव. दशलक्षण पर्वात घरोघरी वाटायला. मी नाही म्हटलं. तेव्हापासून दोघीतिघी माझ्याशी धड बोलत नाहीत. "घरात मशीन आहे, पण धर्माच्या कामाला हिचा हात निघत नाही," असं बस्तीच्या पायरीवर म्हटलं गेलं, ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. म्हणून आज कारण सांगते, आणि जरा मोठ्या आवाजात सांगते.

आधी मशीन कसलं ते सांगते, कारण काहींना वाटतं मी घरात कारखानाच काढलाय. माझं सीएनसी मशीन शिवणयंत्राच्या टेबलावर मावतं. ३०१८ म्हणतात त्याला, कारण त्याचा पट ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर. मुलानं हट्टानं घेतलं, वर्षभर खेळला आणि शिकायला पुण्याला गेला. मशीन धूळ खात पडलं, तेव्हा मी हात घातला. संगणकावर आकृती काढायची. तिच्यावरून जी-कोड नावाचे हुकूम तयार होतात: इथून तिथं जा, एवढं खाली उतर, या वेगानं सरक. छोटी मोटर बारीक बिट गरगर फिरवते आणि हुकुमाप्रमाणे लाकूड कोरत जाते. भरतकामाचा छाप उतरवून टाके घालणाऱ्या बाईला यात अवघड काही नाही. हे मुलांचं काम म्हणून आपण उगाच लांब राहतो.

आता माझी चूक सांगते. तीन वर्षांपूर्वी मीच पासष्ट पाट्या केल्या होत्या. पाच पदं, पस्तीस अक्षरं, सोनेरी रंग भरून. पर्वाच्या नवव्या दिवशी वाटल्या. नववा दिवस कशाचा? उत्तम आकिंचन्याचा! माझं असं काहीच नाही, हे मनात मुरवायचा दिवस, आणि त्या दिवशी मी पासष्ट घरांत एकेक वस्तू वाढवली. तेव्हा हे लक्षातही आलं नाही. सगळ्यांनी कौतुक केलं, मी फुगले.

दिवाळीच्या साफसफाईनंतर बस्तीच्या ओसरीत कुणीतरी एक पोतं आणून ठेवलं. जुन्या तसबिरी, फाटकी पंचांगं, लग्नपत्रिका. आपण टाकवत नाही म्हणून बस्तीत आणून सोडतो ते सगळं. उपाध्ये म्हणाले, "वहिनी, तुमच्याही आहेत यात." मोजल्या. अकरा होत्या. एकीला पावसाळ्याची ओल लागून एमडीएफ फुगला होता आणि पहिल्याच पदाची अक्षरं फुटून गेली होती. मी ती पाटी पदराखाली झाकून घरी आणली. कुणाला दोष देऊ? ज्या घरात भिंतीवर आधीच सहा-सात पाट्या आहेत, तिथं आठवी कुठं लावायची? अविनय त्यांनी केला नाही, तो मी तयार करून त्यांच्या हातात दिला होता.

विचार करा, या पाटीचं शेवटी काय करायचं. मंत्र आहे म्हणून कचऱ्यात टाकवत नाही. जाळायला जावं तर एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि युरिया-फॉर्मल्डिहाइडचा चिकट रस, त्याचा धूर विषारी. नदीत सोडावी तर ती फुगून लगदा होते, आणि पाण्यातल्या जीवांना तो रस. म्हणजे जिचा शेवट आपल्याला माहीत नाही अशी वस्तू आपण घाऊक तयार करतो आणि तिला प्रभावना म्हणतो.

"मुलांना मंत्र दिसला पाहिजे ना!" असं मला एकीनं सुनावलं. बाई गं, आमच्या पिढीला मंत्र भिंतीवरून आला का? आजीच्या मांडीवर, सांजवेळी, तिच्या आवाजामागून आपला आवाज लावत आला. पाटी टांगली की पाठ घेण्यातून सुटका होते, असं तर नाही ना? स्वतःला विचारून बघा, मी विचारलंय.

दुसऱ्या बाजूनं आमच्या मावशी. त्यांचं म्हणणं, मशीनच पाप, लाकूड कापणंच हिंसा, ते विकून टाक. मावशींचा मी मान ठेवते, पण हे मला पटत नाही. गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी हिंसा मात्र त्यानं सोडायची, हे पाठशाळेत आपण सगळ्या शिकलो. मावशींच्या घरात मिक्सर आहे, पाण्याची मोटर आहे, सुतार बोलावून केलेलं कपाट आहे. मशीनमध्ये पाप बसलेलं नसतं. ते कशासाठी चालवलं, किती चालवलं आणि किती जपून चालवलं, यावर सगळं आहे.

आणि याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: अनर्थदंड. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी त्याचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं, हे सगळं त्यात येतं. कारण नसताना दोनशे पाट्या कोरणं त्यात येत नाही, असं कुणी मला समजावून द्यावं. वर मंत्र कोरला म्हणून अनर्थाचा अर्थ होत नाही.

मग मशीन कशाला ठेवलंय? ऐका.

आमच्या सासूबाईंना आता नीट दिसत नाही. रोजच्या सात गोळ्या, त्यात रात्रीभोजनाचा त्याग, म्हणजे तिसरा डोस सूर्यास्ताच्या आत गेला पाहिजे. बाजारातल्या डब्यांवर सकाळ, दुपार, रात्र. "रात्र" लिहिलेल्या खणातून औषध घ्यायचं त्यांच्या मनालाच पटेना. मी जुन्या दाराची सागवानी फळी घेतली आणि एकवीस खणांची पेटी केली. आठवड्याचे सात दिवस, दिवसाला तीन खण. प्रत्येक खणाच्या कडेला खोल खूण: एक रेघ सकाळची, दोन दुपारच्या आणि तिसऱ्या खणाला अर्धा सूर्य. बोट फिरवलं की कळतं. पंधरा मिलिमीटर खोलीसाठी अर्धा अर्धा मिलिमीटर उतरत तीस फेऱ्या, एकवीस वेळा. रोज तीन-चार तास, आठ दिवस लागले. आज सासूबाई कुणाला हाक न मारता औषध घेतात. घरच्या वैयावृत्त्याला मशीन लागलं, तेव्हा मला ते माझं वाटलं.

पोळपाटाचा मोडलेला पाय, शास्त्र ठेवायच्या चौकीची तुटलेली बाजू, खिडकीच्या कडीचा ठोकळा, ही माझी बाकीची कामं. दाखवायला काही नाही. पण यातल्या प्रत्येक कामानं एक वस्तू फेकायची वाचली आणि एक विकत घ्यायची वाचली.

आता यत्नाचाराचं. ज्यांच्या घरी मुलांनी असं मशीन आणलंय, त्यांनी एवढं पाळाच. जुनं लाकूड घ्या, पण आधी उन्हात नीट न्याहाळा. बारीक भोकांखाली ताजी पिठी दिसली तर आत जीव आहे, ती फळी बाजूला ठेवा. बिट फिरत असताना जागा सोडू नका. बिट अडकून घासत राहिलं तर लाकूड करपतं, आगही लागू शकते. पदर, ओढणी, मोकळे केस मशीनजवळ नकोत. डोळ्यांना चष्मा हवा. आणि धूळ! लाकडाच्या धुळीनं कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ च्या अहवालात नोंदवलं, आणि २००४ साली फॉर्मल्डिहाइडलाही त्याच यादीत घातलं. एमडीएफमध्ये दोन्ही एकत्र. आपण पाणी गाळून पिणारी माणसं, हवा गाळून घ्यायला काय हरकत आहे? चांगला मास्क बांधा, खिडकी उघडा, लेकराबाळांना त्या खोलीत आणू नका. दोनशे पाट्यांची धूळ कुणीतरी एक बाई गिळणार होती, हाही हिशेब मंडळानं करावा.

स्टार्टचं बटण दाबण्याआधी मी आता तीन प्रश्न विचारते. हे नसेल तर कुणाचं अडतं का? हे मोडलं तर दुरुस्त होईल का? आणि याची गरज संपली की ते कुठं जाईल? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच मोटर फिरते.

मंडळाला मी नुसतं नाही म्हटलेलं नाही. बस्तीतल्या चौरंगाचा एक पाय दोन वर्षं विटेवर टेकलाय. तो मी पर्वाआधी करून देणार आहे, लाकूडही माझं. त्यावर कुणाचं नाव कोरणार नाही, माझंसुद्धा. ज्यांना पाट्याच हव्यात त्या बाजारातून आणतील, मी अडवू शकत नाही. पण त्या माझ्या हातून होणार नाहीत.

ती फुगलेली पाटी अजून माझ्या कपाटात आहे. तिचं काय करावं, ते मला तीन वर्षांत सुचलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर सांगा. आणि सुचत नसेल, तर दोनशे नव्या मागू नका.

जय जिनेंद्र.