नंबर झाकाल, तर न्याय कुठे शोधाल?

सिग्नलवरच्या कॅमेऱ्याला चुकविण्यासाठी कुणी नंबरप्लेट वाकवतो, कुणी एखाद्या अंकावर काळी पट्टी चिकटवतो, तर कुणी ४१४१ चे 'दादा' करून मिरवतो. दंड वाचला, एवढेच त्याला दिसते. परंतु हीच गाडी पहाटे रस्ता झाडणाऱ्या कामगाराला उडवून पळाली तर? नंबर सापडला, तर त्याच्या कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊन मृताचे वय व कमाई यांच्या हिशेबाने भरपाई मागता येते. नंबरच नसेल, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार, एवढ्यावरच बोळवण! रस्ता झाडणारा, फुटपाथवर झोपणारा माणूस कोणाचा, हे वाचकांना सांगायला नको.

बांधवांनो, आपलेही काही तरुण नंबरच्या जागी 'जय भीम' लिहितात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे नंबरप्लेटवर इतर नावे, चित्रे चालत नाहीत. बाबासाहेबांचे नाव ही कायदा चुकविण्याची ढाल नव्हे. 'जय भीम' छाती काढून म्हणा. नंबर मात्र स्वच्छ दिसू द्या. उद्या तोच आपल्या माणसाचा पुरावा ठरेल.