मुकुटामागचा नट

1991 साली मतदारांनी दूरदर्शनवरच्या सीता आणि रावण या दोघांनाही लोकसभेत पाठवले. दीपिका चिखलिया बडोद्यातून निवडून आल्या, अरविंद त्रिवेदी साबरकांठ्यातून. पाच वर्षांनी जमशेदपूरने कृष्णाला, म्हणजे नितीश भारद्वाज यांना निवडून दिले. प्रेक्षकांनी या कलावंतांना नमस्कार केले, मतेही दिली. त्यांच्या अभिनयाची चिकित्सा मात्र फारशी कुणी केली नाही. भक्तीच्या लाटेत नटाचे कसब वाहून गेले, आणि हा त्या कलावंतांवर झालेला मोठा अन्याय आहे.

देवादिकांची सोंगे वठवण्याची विद्या आपल्याकडे जुनी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ रंगवले. पुढे संगीत रंगभूमीने पुराणांवर पिढ्या पोसल्या. फाळक्यांच्या ‘लंकादहन’ या मूकपटात (1917) अण्णा साळुंके रामही झाले आणि सीताही. रंगमंचावरच्या नटाला मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचावे लागे, म्हणून आवाज चढा आणि हातवारे मोठे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा थेट चेहऱ्याला भिडला. तिथे रंगभूमीचा जोम टिकवून तिचा गलका टाकून देणे, ही खरी परीक्षा होती.

रामानंद सागर यांच्या ‘रामायणा’त (1987-88) ही परीक्षा सर्वांत उत्तम कोणी दिली असेल, तर मंथरा झालेल्या ललिता पवार यांनी. 1942 साली चित्रीकरणात बसलेल्या थपडेने त्यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला होता. मूकपटांपासूनचा अनुभव गाठीशी असलेल्या या बाईंनी तोच डोळा, वाकलेली पाठ आणि खालचा ओठ यांतून मंथरेचे सारे मन उभे केले. ती नुसती कपटी वाटत नाही. कैकेयीला अंगाखांद्यावर खेळवलेल्या दासीची आंधळी माया तिच्या बोलण्यात जाणवते, म्हणून तिचे विष पटते. त्याच मालिकेत दशरथ-कौसल्या झाले बाळ धुरी आणि जयश्री गडकर, प्रत्यक्षातलेही पती-पत्नी. भरत झाले संजय जोग. अयोध्येच्या राजवाड्यात इतकी मराठी माणसे होती, याची आज किती जणांना आठवण आहे?

बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त (1988-90) गुफी पेंटल यांचा शकुनी याच तोलाचा. लंगडती चाल, अर्धवट मिटलेला एक डोळा, तळव्यांत घोळणारे फासे. राही मासूम रझांचे पल्लेदार संवाद त्यांनी चवीने, थांबत थांबत उच्चारले. खलपात्रांना रंग भरायला वाव असतो, हे खरे. ‘रामायणा’त राम झालेल्या अरुण गोविलांच्या वाट्याला तो नव्हता. क्षोभ गिळून शांत राहणारा राम चौकटीमागून चौकट टिकवणे हे त्याहून कठीण काम. त्या संयमाला लोकांनी देवत्व मानले. माझ्या लेखी तो निखळ अभिनय होता.

2020च्या टाळेबंदीत दूरदर्शनने दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या. हवेत आदळणारे बाण आणि रंगवलेले पडदे तोवर पार जुने झाले होते. लोक पुन्हा खिळले ते चेहऱ्यांपाशी. नव्या पौराणिक मालिकांचे निर्माते संगणकीय चमत्कारांवर पैसा ओततात. त्यातला थोडा तालमींवर खर्च झाला तर बरे होईल.

संजय जोग 1995 मध्ये गेले, ललिताबाई 1998 मध्ये, जयश्रीबाई 2008 मध्ये, पेंटल 2023 मध्ये. आपल्या नाट्यशिक्षण संस्थांनी या मालिकांतले प्रसंग अभ्यासाला लावावेत, आणि जे कलावंत आज आपल्यात आहेत त्यांच्याकडून भूमिकेच्या तयारीची हकिगत सविस्तर नोंदवून घ्यावी. हे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.