घास अडतोय? औषधांची चिठ्ठीही पाहा

स्किझोफ्रेनियाचा रुग्ण जेवताना वारंवार ठसकू लागला की घरचे म्हणतात, "बकाबका खातो, दुसरे काय!" घास तोंडातच धरून बसला तर म्हणतात, "नाटके करतो." दवाखान्यात ही वाक्ये मी अनेकदा ऐकतो. माझे मत असे की, रुग्णाला दोष देण्याआधी त्याच्या औषधांची चिठ्ठी पाहावी.

हॅलोपेरिडॉल, क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन यांसारखी औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचे कार्य रोखतात. त्यामुळे भास आणि संशय आटोक्यात येतात. पण काही रुग्णांचे जिभेचे व घशाचे स्नायू कंपवातात होतात तसे ताठर आणि मंद होतात. घास मागे सरकत नाही. वर्षानुवर्षे औषध घेतल्यावर काहींची जीभ, ओठ, जबडा आपोआप हलू लागतो. क्लोझापिनने लाळ गळते, तर हातपायांचा ताठरपणा कमी करण्यासाठी दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडे पडते. उतारवयात, दात पडल्यावर त्रास वाढतो.

हे दुर्लक्ष महागात पडते. अन्न श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. मोठा घास अडकला तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो.

पाणी पिताना ठसका, जेवणानंतर घोगरा आवाज, घटणारे वजन, वारंवार ताप ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना सांगा. पक्षाघात किंवा अन्ननलिकेतील गाठ अशीही कारणे असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. मान, जीभ किंवा घसा अचानक आखडला तर थेट रुग्णालय गाठा.

मात्र औषध परस्पर बंद करू नका. मूळ आजार उलटतो. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. तोवर रुग्णाला ताठ बसवून, लहान घासांनी, सावकाश जेवू द्या. भाकरी आमटीत कुस्करून द्या. शेंगदाणे, फुटाणे, कोरडा चिवडा टाळा. जेवल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. जेवताना कोणीतरी जवळ असावे.

आता आम्हा डॉक्टरांविषयी. "तीच औषधे चालू ठेवा" असे लिहिण्यापूर्वी "घास नीट गिळता येतो का?" एवढे विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. हा प्रश्न दर खेपेला, आणि रुग्णालाच विचारला पाहिजे. कारण मानसिक रुग्णाने केलेली शरीराची तक्रारही घरात वेडेपणातच जमा होते. दवाखान्यात तरी ती खरी मानली जावी.