स्वतःवर लावलेला डाव

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या जगात एका शब्दप्रयोगाला दरवर्षी तेजी येते. एखाद्या तरुण खेळाडूने आपल्या संघाने देऊ केलेला दीर्घ मुदतीचा करार नाकारला आणि मुदत संपेपर्यंत थांबण्याचे ठरवले, की वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरील भाष्यकार त्याचे वर्णन 'स्वतःवर डाव लावणारा' असे करतात. डाव साधला तर त्याच्या आत्मविश्वासाचे पोवाडे गायले जातात. फसला तर त्याच आत्मविश्वासाला अहंकार म्हणून नावे ठेवली जातात. दोन्ही वेळी चर्चा त्या एका माणसाच्या स्वभावाभोवतीच फिरते. डाव कोणत्या पटावर मांडला गेला, तो पट कोणी व कधी आखला, याचा उल्लेख क्वचितच होतो.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले उदाहरण जिमी बटलर याचे आहे. २०११ साली नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे एनबीएच्या, ड्राफ्टमध्ये शिकागो बुल्सने त्याची निवड केली. नव्या खेळाडूंची संघांमध्ये क्रमाने जी वाटणी होते तिला ड्राफ्ट म्हणतात. बटलर पहिल्या फेरीतला शेवटचा, तिसावा होता. पहिल्या चार वर्षांचे वेतन ठरीव श्रेणीनुसार मिळते, त्यात घासाघीस जवळजवळ नसतेच. चौथ्या वर्षी, २०१४-१५ च्या हंगामात, त्याचे वेतन सुमारे २० लाख डॉलर होते. तो हंगाम सुरू होताना, ३१ ऑक्टोबर २०१४ पर्यंत, संघ व खेळाडू यांना मुदतवाढीचा करार करता येत होता. शिकागोने चार वर्षांसाठी ४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देऊ केल्याच्या बातम्या त्या वेळी प्रसिद्ध झाल्या. बटलरने ती नाकारली.

त्याच्या मागचा हंगाम पाहिला तर हा नकार अविचारी वाटावा असाच होता. २०१३-१४ मध्ये त्याची सरासरी सामन्यामागे १३.१ गुणांची होती व दहा फटक्यांपैकी जेमतेम चार टोपलीत जात होते. पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याने तो हैराण होता. आणि तरीही प्रशिक्षक त्याला सामन्यामागे ३८ मिनिटांहून अधिक वेळ मैदानात ठेवीत होते. सामना एकूण ४८ मिनिटांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. जानेवारी २०१४ मध्ये ऑर्लँडोविरुद्धचा सामना तीन जादा कालखंडांपर्यंत लांबला, तेव्हा बटलर एकाच रात्री ६० मिनिटे खेळला. कारखान्यात दोन पाळ्या सलग करणाऱ्या माणसाला हे वर्णन अपरिचित वाटणार नाही.

पुढची कथा सर्वज्ञात आहे. २०१४-१५ च्या हंगामात त्याची सरासरी २० गुणांवर गेली, तो प्रथमच ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला, सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. जुलै २०१५ मध्ये त्याच शिकागो संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा, ९ कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. नऊ महिन्यांत मूल्य दुपटीहून अधिक झाले. त्या नऊ महिन्यांत काय होऊ शकले असते, हे मात्र मार्च २०१५ च्या पहिल्या दिवसांत दिसले होते. त्याच्या डाव्या कोपराला दुखापत झाली आणि तो अकरा सामने बाहेर बसला. कोपर बरा झाला. गुडघा असता तर या कथेचा शेवट निराळा झाला असता आणि तिला आत्मविश्वासाची कथा असे कोणीही म्हटले नसते.

बटलरच्या कष्टांचे व जिद्दीचे श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु त्याच्या निर्णयाची तारीख पाहण्यासारखी आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी, म्हणजे मुदत संपण्याच्या साडेतीन आठवडे आधी, एनबीएने दूरचित्रवाणी कंपन्यांशी नऊ वर्षांचा २४०० कोटी डॉलरांचा करार जाहीर केला होता. वार्षिक उत्पन्न जुन्या कराराच्या अडीच पटींहून अधिक होणार होते व त्याचा अंमल २०१६ पासून सुरू व्हायचा होता. या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, साधारण निम्मा, खेळाडूंच्या वेतनाकडे जाईल असे सामुदायिक करारात लिहिलेले असल्यामुळे प्रत्येक संघाची एकूण वेतनमर्यादा आपोआप वाढणार होती. ती २०१५-१६ मध्ये ७ कोटी डॉलर होती. पुढच्याच वर्षी ती ९ कोटी ४१ लाखांवर गेली. बटलरला आणि त्याच्या सल्लागारांना हे ऑक्टोबरमध्येच दिसत होते. लेब्रॉन जेम्ससारखा जगज्जेता खेळाडूही त्याच काळात क्लीव्हलँडशी छोट्या मुदतीचे, वर्षाअखेर बाहेर पडण्याची मुभा असलेले करार करीत होता, ते याच हिशेबाने. ज्याला स्वभावाचा कणखरपणा म्हणून गौरवले गेले, त्याच्या पोटात एका लिखित कलमाचे बळ होते. ते कलम कोणा एका खेळाडूने मिळवलेले नव्हते.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. बॉस्टनच्या बॉब कूझी यांनी १९५४ मध्ये खेळाडूंची संघटना उभारण्यास आरंभ केला, तेव्हा संघमालक तिला जुमानतही नव्हते. निवृत्तिवेतनाची मागणी वर्षानुवर्षे भिजत पडली होती. अखेर १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टन येथे ऑल-स्टार सामन्याच्या संध्याकाळी, प्रेक्षागृह भरलेले आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे सज्ज असताना, दोन्ही संघांचे खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत दार लावून बसले. निवृत्तिवेतनाचे ठोस आश्वासन मिळेपर्यंत मैदानात पाऊल टाकायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. लॉस एंजेलिसच्या संघमालकाने एल्जिन बेलर व जेरी वेस्ट या आपल्या दोन खेळाडूंना निरोप धाडून दमदाटी केली. खेळाडू हलले नाहीत. शेवटी एनबीएचे आयुक्त वॉल्टर केनेडी यांना शब्द द्यावा लागला आणि मगच सामना सुरू झाला. त्या रात्री सर्वोत्तम खेळाडू ठरले ते ऑस्कर रॉबर्टसन. पुढच्याच वर्षी ते संघटनेचे अध्यक्ष झाले.

त्या काळी करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. संघाला करार एकतर्फी पुढे चालू ठेवता येई, आणि दुसऱ्या संघाकडे जाण्याचा मार्ग व्यवहारतः बंद असे. अशा पद्धतीत 'थांबून पाहण्या'ला अर्थच नव्हता, कारण थांबल्यावर जायचे कोठे? १९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही प्रतिस्पर्धी संस्था निघाली, संघ खेळाडूंसाठी चढाओढ करू लागले आणि वेतने वाढली. तेव्हा दोन्ही संस्थांच्या मालकांनी विलीनीकरणाचा घाट घातला. एप्रिल १९७० मध्ये रॉबर्टसन यांच्यासह चौदा खेळाडूंनी, प्रत्येक संघातून एक याप्रमाणे, मक्तेदारीविरोधी कायद्याखाली न्यायालयात दावा दाखल केला. संघटनेचे वकील लॅरी फ्लायशर यांनी तो सहा वर्षे रेटला. १९७६ मध्ये तडजोड झाली, तेव्हा कायमच्या बांधिलकीचे ते कलम गेले. रॉबर्टसन यांनी १९७४ मध्येच खेळ सोडला होता. ज्या हक्काला त्यांचे नाव जोडले गेले त्याचा लाभ त्यांना स्वतःला एका दिवसापुरताही झाला नाही.

तडजोड म्हणजे पूर्ण विजय नव्हे. आधी नुकसानभरपाईची अट राहिली, मग मूळ संघाला प्रथम हक्क राहिला. १९८८ च्या करारानंतरच ठरावीक वर्षे खेळलेल्यांना कोणत्याही अटीविना मोकळे होता आले, आणि त्या उन्हाळ्यात टॉम चेंबर्स सिअॅटल सोडून फिनिक्सला गेला. तो पहिला खराखुरा 'फ्री एजंट'. तरुणांच्या बाबतीत प्रथम हक्काचे ते कलम आजही जिवंत आहे. २०१५ मध्ये बटलरसमोर दुसऱ्या एखाद्या संघाने करार ठेवला असता, तरी शिकागोला तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवून घेता आले असते. म्हणजे स्वतःवर डाव लावणाऱ्याच्या हातात एक पान, आणि समोरच्याला त्याचे पान पाहून मग खेळण्याची सवलत.

मालकपक्षही एकट्यादुकट्याच्या यशाकडे स्वस्थपणे पाहत बसत नाही. १९९७ साली एकवीस वर्षांच्या केविन गार्नेटने मिनेसोटाचा १० कोटींहून अधिक डॉलरांचा देकार नाकारला आणि काही आठवड्यांत १२ कोटी ६० लाखांचा करार पदरात पाडून घेतला. त्याच्या धाडसाचे कौतुक झाले. त्याचे उत्तर मात्र एकट्या मिनेसोटाने दिले नाही. सर्व संघमालकांनी मिळून जुलै १९९८ मध्ये टाळेबंदी पुकारली. ती जानेवारी १९९९ पर्यंत चालली, हंगाम ८२ ऐवजी ५० सामन्यांचा झाला, आणि प्रत्येक खेळाडूच्या वैयक्तिक वेतनावर कमाल मर्यादा बसली. २०११ मध्ये दुसऱ्या टाळेबंदीने खेळाडूंचा उत्पन्नातील हिस्सा ५७ टक्क्यांवरून निम्म्याच्या आसपास आणला. बटलरने २०१५ मध्ये जो भव्य आकडा मिळवला त्याची वार्षिक रक्कम त्याच्या श्रेणीसाठी ठरलेल्या कमाल मर्यादेलाच जाऊन टेकली होती.

ज्यांचा डाव फसला त्यांच्याकडेही पाहावे. नेर्लेन्स नोएल याला २०१७ च्या उन्हाळ्यात डॅलसने चार वर्षांचे ७ कोटी डॉलर देऊ केल्याचे सांगितले जाते. तो थांबला. अन्य संघांकडून काहीच आले नाही, आणि ऑगस्टमध्ये त्याला सुमारे ४१ लाख डॉलरांच्या एका वर्षाच्या देकारावर सही करावी लागली. त्या वर्षी अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली, तो केवळ ३० सामने खेळला, आणि पुढच्या वर्षी ओक्लाहोमाकडे किमान वेतनावर गेला. डेनिस श्रोडरच्या बाबतीत तर दुखापतही नव्हती. लेकर्स संघाचा सुमारे ८ कोटी ४० लाखांचा चार वर्षांचा देकार त्याने २०२१ मध्ये नाकारल्याचे वृत्त होते. उन्हाळ्यात संघांची थैली रिकामी झाली आणि त्याने बॉस्टनचा ५९ लाखांचा एक वर्षाचा करार पत्करला. त्यानंतर कित्येक महिने तो अमेरिकन करमणुकीचा विषय होऊन बसला होता. बटलरपेक्षा श्रोडरचा स्वतःवरील विश्वास कमी होता असे म्हणायला काहीही आधार नाही.

कोट्यधीशांच्या या हिशेबात श्रमिकांनी का डोके घालावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो गैर नाही. ५९ लाख डॉलरांना दुर्दैव म्हणणे जगातील बहुसंख्यांच्या कानाला विपरीतच लागेल. त्यांच्या दुःखाने कोणी डोळे टिपावेत असे येथे सुचवायचे नाही. परंतु वेतनाचा आकडा मोठा झाला म्हणून संबंधाचे स्वरूप बदलत नाही. डोनाल्ड स्टर्लिंग याने क्लिपर्स हा संघ १९८१ मध्ये सव्वा कोटी डॉलरांना घेतला होता. वर्णद्वेषी उद्गारांबद्दल त्याला २०१४ मध्ये एनबीएतून बाहेर काढण्यात आले आणि संघ २०० कोटींना विकला गेला. हकालपट्टी झालेला मालक एवढे घेऊन जातो. या तेहतीस वर्षांत त्याला कोपर, गुडघा वा अंगठा पणाला लावावा लागला नाही. कौशल्य संपण्याच्या आत विकण्याची घाई खेळाडूला असते, मालकाला थांबणे परवडते. 'थांबण्याचा आत्मविश्वास' हा शब्द मालकांच्या बाबतीत कोणी वापरीत नाही, तो याचमुळे.

पाच वर्षांच्या त्या कराराचे पुढे काय झाले, हेही नोंदवले पाहिजे. दोन वर्षे झाली आणि जून २०१७ मध्ये शिकागोने बटलरला मिनेसोटाच्या स्वाधीन केले, कारण संघाला नव्याने बांधणी करायची होती. करार तोच, वेतन तेच, गाव दुसरे. अशा बदलीस नकार देण्याचा हक्क फारच थोड्यांच्या करारात असतो, आणि बटलरच्या करारात तो नव्हता.

सध्याचा सामुदायिक करार २०२३ मध्ये झाला. त्याची मुदत २०२९-३० च्या हंगामाअखेर संपते, आणि एक वर्ष आधी त्यातून बाहेर पडण्याची मुभा दोन्ही पक्षांनी राखून ठेवली आहे.