थर्मल दुर्बिणीत बिबट्याचे ठिपके दिसत नाहीत, राव!

केडगाव आणि आसपासच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एकच चर्चा आहे. बिबट्यासाठी रायफलीवर कोणती दुर्बीण बरी? कुणी अमेरिकेतले व्हिडिओ टाकतो. तिकडे कोयोट म्हणून कोल्ह्या-लांडग्याच्या जातीचा प्राणी असतो. स्पीकरवर जखमी सशाचा आवाज लावायचा, कोयोट धावत आला की दुर्बिणीतून टिपायचा. खाली आपल्या पोरांच्या कमेंट : "आपल्याला पण हेच पाहिजे." "गावाने वर्गणी काढू." एकाने तर किमतीसकट तीन मॉडेलं टाकली.

या पोरांना मी हसणार नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्याच तालुक्यात, खारेकर्जुन्यात पाच वर्षांची मुलगी बिबट्याने उचलून नेली. त्याआधी शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले. 5 वर्षांची मुलगी, 82 वर्षांची आजी, 13 वर्षांचा मुलगा. ज्यांच्या दारात हे घडलं त्यांना "बिबट्या हा आपला शेजारी आहे" असलं भाषण मुंबईत बसून कुणी देऊ नये. संताप खरा आहे. पण त्या संतापाच्या हातात कुणी दुर्बीण देणार असेल, तर ती दुर्बीण काय दाखवते ते आधी बघू.

साधी दुर्बीण घ्या. जेवढी जास्त पट, तेवढी भारी, असं आपल्याकडे समजतात. रात्री उलटं होतं. पुढची काच 40 मिलिमीटरची असेल आणि तुम्ही 4 पटीवर बघत असाल, तर डोळ्याकडे 10 मिलिमीटरचा उजेडाचा गोल येतो. 12 पटीवर तोच साडेतीनच्या आत. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण 7 मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हणजे पट वाढवली की चित्र काळं पडत जातं. शिवाय दिसणारा टापू लहान होतो. उसाच्या बांधावर बिबट्या तीस-चाळीस मीटरवर असणार. तिथे 12 पटीत केसांचा एक पट्टा दिसेल. खांदा कुठला, पोट कुठलं, कळणार नाही. कोयोटवाले जाणकारसुद्धा जवळच्या शिकारीला कमी पट ठेवतात. व्हिडिओत ते पुढे ढकलून बघणारे आपण.

आणि ही दुर्बीण बसवणार कशावर? शेतकऱ्याकडे परवान्याची असलीच तर बारा बोअर किंवा ठासणीची बंदूक. तिच्यावर असली दुर्बीण म्हणजे बैलगाडीला स्पीडोमीटर.

मग थर्मल. सगळ्यांचा जीव तिच्यावर आहे. थर्मल उष्णता दाखवते. काळ्या पडद्यावर पांढरा आकार. कुत्रा, वासरू, तरस, बिबट्या, चांगला शिकलेला माणूस आकारावरून आणि चालीवरून फरक करू शकतो. दाट उसात मात्र पाचटाच्या फटीतून पांढरे तुकडे तेवढे दिसतात. आणि बिबट्याची ओळख कशावरून पटते? अंगावरच्या ठिपक्यांवरून. प्रत्येकाचे ठिपके वेगळे. ते थर्मलमध्ये दिसतच नाहीत. बिबट्या दिसेल, पण खारेकर्जुन्याचा की दुसराच, ते सांगणार कोण?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न फार मोठा आहे. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे लावून अभ्यास केला होता. निव्वळ शेतीच्या पट्ट्यात 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे निघाले, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा. म्हणजे एकाच उसात आज एक, उद्या दुसरा. चुकीचा मेला तर मारेकरी तिथेच राहतो, आणि "मेला एकदाचा" म्हणून गाव पोरांना परत अंगणात सोडतं. माझी खरी भीती ही आहे.

कायद्याचंही सांगतो, कारण ग्रुपवर भलतंच फिरतंय. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. हाकणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, सगळं शिकारीत येतं. तेव्हा तो सशाच्या आवाजाचा स्पीकर लावून दबा धरून बसलात तर गोळी न सुटताही अडकाल. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला तीन ते सात वर्षं आहेत. माणसाच्या जिवावर उठलेल्या बिबट्याला मारायची वाट कलम 11 मध्ये आहे, पण लेखी आदेश मुख्य वन्यजीव रक्षकाचा लागतो, आणि पकडणं, बेशुद्ध करणं शक्य नाही अशी त्यांची खात्री व्हावी लागते. सरपंचाचा ठराव तिथे चालत नाही.

पिंपरखेडला हीच वाट वापरली. 4 नोव्हेंबरच्या रात्री थर्मल ड्रोनने बिबट्या शोधला, पशुवैद्यक सोबत होते, आधी बेशुद्धीचा डार्ट मारला. तो चुकला, जनावर अंगावर आलं, तेव्हा शार्पशूटरने गोळी घातली. नंतर ठसे जुळवून बघितले. मला यातली दुर्बीण महत्त्वाची वाटत नाही, पथक महत्त्वाचं वाटतं. उलट 2018 ची यवतमाळची अवनी वाघीण आठवा. अत्तरापासून हत्तीपर्यंत सगळं वापरून झालं आणि शेवटी रात्री गोळी घातली तेव्हा जवळ पशुवैद्यक नव्हता. राष्ट्रीय व्याघ्र प्राधिकरणाच्या समितीने त्यावर ताशेरे ओढले.

आता सरकारकडे वळू. वनमंत्री गणेश नाईक डिसेंबरात म्हणाले, चार माणसं मेली तर एक कोटी भरपाई द्यावी लागते, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा. साहेब, बिबट्या जंगलात नाही, उसात आहे! त्याच उसात जन्मलाय. त्याला शेळी खायला जंगलात जा म्हणून कोण सांगणार?

आणि रात्री त्या उसात दुसरं कोण असतं? दारं धरायला गेलेला शेतकरी. थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणून तो रात्री वाफ्यात वाकलेला. थर्मलमध्ये वाकलेला माणूस कसा दिसतो माहिताय? चार पायांच्या जनावरासारखा. वर्गणीच्या दुर्बिणीमागे बसलेल्या, घाबरलेल्या, दोन रात्री न झोपलेल्या पोराचं बोट तेव्हा कुठे असेल?

तेव्हा वर्गणी काढायचीच तर वस्तीवरच्या पोरांसाठी जाळीची पडवी बांधा, रस्त्यावर दिवे लावा, मेलेल्या कोंबड्या बांधावर फेकणाऱ्याला दंड करा. थर्मल दुर्बिणी, ड्रोन, बंदुका हा खर्च वनविभागाचा आहे, आणि तो त्यांच्याकडून वसूल करा. पुढच्या ग्रामसभेला वनाधिकाऱ्यांना बोलवा आणि उभं राहून विचारा : नगर तालुक्यासाठी ड्रोन किती, तो चालवणारे किती, पशुवैद्यक कुठे बसतात, फोन केल्यापासून पथक किती मिनिटांत पोचतं? महावितरणवाल्यालाही त्याच सभेला बसवा. आमच्या फीडरला दिवसाची लाईट कोणत्या तारखेपासून, तारीख लेखी द्या म्हणावं. उत्तरं मिळाली की मला पाठवा, नावानिशी छापतो. नाही मिळाली तर तेही छापतो.