नाकारलेल्या फायलीचे लेखापरीक्षण

महाराष्ट्रातून कोलकात्यास पाहुणे आले की व्हिक्टोरिया मेमोरियल आणि दक्षिणेश्वर दाखवून झाल्यावर मी त्यांना चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूवरील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनच्या इमारतीसमोर नेतो. बहुतेक जण सौजन्याने मान डोलावतात. येथे पाहण्यासारखे काय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

१९८३ च्या सुमारास या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्याकडे तेव्हाच्या अविभाजित चोवीस परगणा जिल्ह्यातील काही खेडूत आले. अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे ठिपके आणि खडबडीत, गाठाळ झालेले तळहात-तळपाय, अशी त्यांची लक्षणे होती. डॉ. साहांनी निदान केले ते आर्सेनिकच्या, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत सोमलाच्या विषबाधेचे. हे विष कूपनलिकांच्या पाण्यातून येत होते. तळ्यांचे दूषित पाणी पिऊन लोक पटकी व हगवणीने मरू नयेत म्हणून मोठ्या सद्भावनेने खोदलेल्या कूपनलिका त्या! मालदा, मुर्शिदाबाद, नदिया आणि दोन्ही चोवीस परगणे या जिल्ह्यांत हे संकट किती पसरले आहे, ते पुढे जादवपूर विद्यापीठातील डॉ. दीपंकर चक्रवर्ती यांनी गावोगावच्या पाण्याचे नमुने तपासून जगापुढे मांडले.

या ठिपक्यांचा आणि गाठींचा शेवट काही रुग्णांत त्वचेच्या कर्करोगात होतो. पाश्चात्त्य देशांत त्वचेचा कर्करोग म्हटला की उन्हाची आठवण होते. बंगालमध्ये हातपंपाची व्हावी. पण एक गोष्ट अनेक वर्षे संशोधकांना कोड्यात टाकत आली आहे. एकाच पंपाचे पाणी एकाच घरातील दोन भाऊ आयुष्यभर पितात. एकाच्या हातावर गाठी येतात, दुसऱ्याची त्वचा स्वच्छ राहते. असे का व्हावे? कोलकात्यातीलच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायॉलॉजीमध्ये याची आनुवंशिक कारणे शोधण्याचे मोलाचे काम झाले आहे.

आता मी माझ्या फायलीकडे वळतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अनुदानांची छाननी करणाऱ्या एका कार्यालयात होतो. एका तरुण संशोधिकेचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. रुग्णांऐवजी जे आजारी पडले नाहीत त्यांचा अभ्यास करावा, त्यांच्या त्वचेतील पेशी विषाचा मुकाबला कसा करतात हे पाहावे आणि त्यातून कर्करोग रोखण्याचा काही मार्ग दिसतो का ते शोधावे, असा तिचा विचार होता. हाती प्राथमिक निष्कर्ष काहीच नव्हते आणि तिने तसे प्रामाणिकपणे लिहिलेही होते. मी टिपणी लिहिली : ‘अपेक्षित फलनिष्पत्ती स्पष्ट नाही. यशाची हमी दिसत नाही. प्राथमिक निष्कर्षांसह प्रस्ताव पुन्हा सादर करावा.’ अनुदानाशिवाय प्राथमिक निष्कर्ष कोठून आणायचे, हे मला त्या दिवशी सुचले नाही. प्रस्ताव पुन्हा आला नाही. माझ्या टिपणीवर कोणीही आक्षेप घेतला नाही आणि घेणे शक्यही नव्हते, कारण ती नियमांना धरूनच होती.

वाचकहो, आपल्या अनुदानव्यवस्थेचे मूळ दुखणे मला येथे दिसते. मंजूर केलेल्या पैशाचे लेखापरीक्षण होते. नाकारलेल्या फायलीचे कधीच होत नाही. मंजूर प्रकल्प फसला तर अधिकाऱ्यास प्रश्न विचारले जातात. पण नाकारलेल्या प्रस्तावातून एखादे औषध निघाले असते तर त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार? अशा स्थितीत कोणताही शहाणा अधिकारी ‘नाही’ म्हणण्याकडेच झुकतो. हा व्यक्तीच्या स्वभावाचा दोष नव्हे, व्यवस्थेतील प्रोत्साहनांचा दोष आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास यातील चूक सहज दिसावी. समजा, यशाची शक्यता केवळ दहा टक्के असलेले दहा स्वतंत्र प्रकल्प आहेत. सुटासुटा पाहिला तर प्रत्येक प्रकल्प नाकारण्याजोगाच वाटेल. पण दहाही एकत्र घेतले तर किमान एक यशस्वी होण्याची शक्यता सुमारे ६५ टक्के होते. वीस घेतले तर सुमारे ८८ टक्के. फायली मात्र आपल्यासमोर एकेक करूनच येतात, आणि आपण प्रत्येकीकडून हमी मागतो. ही जोखीम खासगी भांडवल उचलील असेही नाही. गौरवर्णीयांच्या त्वचाकर्करोगावरील औषधांना श्रीमंत बाजारपेठ आहे. नदियातील शेतमजुराच्या तळहाताला ती नाही. त्यामुळे येथे सरकार मागे सरले तर पुढे येणारे दुसरे कोणीच नसते.

आपल्याकडे अशी दृष्टी कधी नव्हतीच, असेही नाही. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही १९११ साली स्थापन झालेली संस्था म्हणजे आजच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पूर्वज. १९१९ च्या अखेरीस तिने याच शहरातील डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांना काळा आजारावरील संशोधनासाठी अनुदान दिले. कॅम्पबेल रुग्णालयातील त्यांच्या लहानशा खोलीत ना वीज होती, ना नळाचे पाणी. हाती तयार औषध नव्हते. होती ती एक दिशा. १९२२ पर्यंत त्यातून युरिया स्टिबामाइन पुढे आले आणि त्याने असंख्य प्राण वाचवले. आपल्या मुंबईतील डॉ. वसंत खानोलकरांचे उदाहरणही मराठी वाचकांनी विसरू नये. कमरेला धोतर घट्ट बांधण्याच्या सवयीशी निगडित असा त्वचेचा कर्करोग त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह १९४५ साली शास्त्रीय जगापुढे ठेवला. परदेशी पाठ्यपुस्तकात न सापडणारा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यामागे होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हा पैसा संशोधनात घालण्याऐवजी शुद्ध पाण्यावर का खर्चू नये? शुद्ध पाण्याचा हक्क पहिला, याबद्दल दुमत नाही. पण चिली देशातील अंतोफागास्ता शहराचा अनुभव पाहावा. तेथे १९५८ ते १९७० या काळात लोकांनी आर्सेनिकयुक्त पाणी प्यायले. १९७० मध्ये शुद्धीकरण सुरू झाले, तरी फुप्फुस व मूत्राशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यानंतर कित्येक दशके जास्तच राहिले. नळ बदलला म्हणून देहातील इतिहास पुसला जात नाही. बंगालमध्ये जे आधीच वर्षानुवर्षे ते पाणी प्यायले आहेत, त्यांच्यापैकी कोणावर लक्ष ठेवायचे आणि कोणाला कसे वाचवायचे, याचे उत्तर संशोधनाखेरीज मिळणार नाही.

अलीकडे काही पावले पडली आहेत, हे नमूद करणे उचित ठरेल. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. २०२४ मध्ये आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने जगात कोठेही न झालेल्या, जोखमीच्या कल्पनांसाठी स्वतंत्र योजना जाहीर केली. २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीचे वित्तीय नियमही शिथिल झाले. परंतु योजना नवी आणि टिपणी लिहिणारा हात जुना, असे झाले तर फारसे काही बदलणार नाही.

म्हणून माझ्या अल्पमतीनुसार चार सूचना मांडतो. एक, प्रत्येक संशोधन अनुदानाच्या तरतुदीतील ठरावीक हिस्सा, समजा दहावा, जोखमीच्या कल्पनांसाठी वेगळा काढावा आणि तेथे प्राथमिक निष्कर्षांची अट नसावी. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तरुण संशोधकांसाठीच्या अशाच एका पुरस्कारात ती अट नाही. दोन, प्रथम वर्षभरासाठी लहान रक्कम द्यावी. आशा दिसल्यास मोठी. तीन, उपयोगिता प्रमाणपत्राने खर्च प्रामाणिकपणे झाला एवढेच पाहावे. अपयशाचा सविस्तर अहवाल हीसुद्धा फलनिष्पत्ती मानून तो प्रसिद्ध करावा. चार, मूल्यमापन एका फायलीचे न करता पाच वर्षांतील सर्व फायलींचे एकत्र करावे, आणि त्यात नाकारलेल्या प्रस्तावांचीही नमुना तपासणी असावी. मात्र ही जोखीम पैशाची आहे, रुग्णांची नव्हे. नैतिक समितीच्या अटींत तसूभरही सूट असता कामा नये.

मी काही शास्त्रज्ञ नाही. त्या संशोधिकेची कल्पना यशस्वी झाली असती की नाही, हे मला सांगता येणार नाही. दहातील नऊ शक्यता अपयशाचीच असेल. पण ती फसली असती तरी निदान एक वाट बंद आहे हे आपल्याला कळले असते. माझ्या टिपणीमुळे तेवढेही कळले नाही. निवृत्तीला आता थोडीच वर्षे उरली आहेत. माझ्या जागी येणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने ‘यशाची हमी दिसत नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी क्षणभर लेखणी थांबवावी, एवढीच विनंती.